उणे तिसातलं डांबर

अलास्कातल्या एका छोट्या लष्करी धावपट्टीवर माझं पोस्टिंग झालं, तेव्हा मी इंजिनिअर प्लाटूनमध्ये स्पेशालिस्ट या हुद्द्यावर होते. जन्म नागपूरचा, शाळा टेक्सासमधल्या शुगर लँडची. दोन्ही गावं उन्हाची. बाबांनी फोनवर विचारलं, "तिथं नेमकं काम काय?"

"खड्डे बुजवते, बाबा."

"त्यासाठी अमेरिकन आर्मीत गेलीस?" ते बराच वेळ हसत होते.

काम खरंच तेच होतं. डांबराच्या भेगेत पाणी शिरतं, गोठून फुगतं आणि डांबर उचकटतं. हिवाळ्यात गरम डांबराचे प्लँट बंद, म्हणून आम्ही कोल्ड मिक्सच्या, म्हणजे न तापवता भरायच्या डांबर-खडीच्या गोण्या वापरायचो. रोज सकाळी सातला पट्टी पायी तपासायची. विमानाचं इंजिन निकामी करायला एक सुटा खडा पुरतो.

आमचा प्रमुख स्टाफ सार्जंट डनिंग, जॉर्जियाचा. फावडं मारताना चर्चमधली गाणी म्हणायचा, अतिशय बेसूर.

फेब्रुवारीतली ती सकाळ उणे तीसची. ९:१० ला बर्फ काढणाऱ्या गाडीचं पातं आधी बुजवलेल्या एका जुन्या पॅचमध्ये अडकलं आणि विमानं टेकतात नेमक्या त्या जागी दोन फुटी खड्डा पडला. दहा मिनिटांत रेडिओ वाजला. सरावात एका प्रायव्हेटचा, म्हणजे साध्या शिपायाचा, पाय गाडीखाली सापडला होता. त्याला न्यायला विमान १०:१५ ला उतरणार होतं.

"टॉवर टू इंजिनिअर. पट्टी मिळेल का?"

"मिळेल," डनिंग म्हणाला.

मग आम्ही शेड उघडली. रात्रीत हीटर बंद पडला होता. गोण्या दगड झालेल्या.

"ट्रक किती?" डनिंगने विचारलं.

"तीन, सार्जंट."

"हीटर फुल्ल करा. गोण्या केबिनमध्ये."

आठ गोण्या डॅशबोर्डवर, सीटवर, लोकांच्या मांडीवर गेल्या. डनिंग स्वतःच्या मांडीवरच्या गोणीला बाळासारखं थोपटत, गात बसला. मी आणि रुईझ नावाचा माझा जोडीदार खड्ड्यातला बर्फ पहारीने फोडत होतो. नंतर गॅसच्या ज्योतीने तळ कोरडा केला. ज्योत सारखी हलती ठेवायची, नाहीतर आजूबाजूचं डांबर जळतं. माझ्या पापण्या एकमेकींना चिकटत होत्या.

९:५० ला गोण्या आल्या. आत ढेकळं होती, ती फावड्याने फोडली. एक थर, धुमस. दुसरा थर, धुमस. वरून ट्रकचं चाक चार वेळा फिरवलं. मग झाडून घेतलं, खडान् खडा.

१०:०९. "पट्टी क्लिअर."

१०:१६ ला विमानाची चाकं आमच्या पॅचवरून गेली. काही उचकटलं नाही. प्रायव्हेट वाचला, पायही वाचला. डनिंग म्हणाला, "देशमुख, नाश्ता थंड झाला असेल." मेसकडे जाताना आम्ही तिघंही गात होतो.

पुढच्या हिवाळ्यात ड्यूटीवर असताना ट्रक बर्फावरून घसरला आणि डनिंग गेला. पस्तीस वर्षांचा होता.

आता मी सिव्हिलियन आहे, सनीव्हेलला नोकरी करते. त्याच्या वाढदिवसाला त्याची आई जॉर्जियाहून फोन करते. रडत नाही. "त्याची एखादी गंमत सांग," म्हणते. मी हीच सांगते, आणि गोणी थोपटण्यापर्यंत आले की ती खूप हसते.

शेवटी दर वेळी विचारते, "त्या थंडीत कानटोपी घातली होती ना त्यानं?"

मी हो म्हणते. घातली नव्हती.