दादांचा उजवा हात

मी बोईसरला एका औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. रिपोर्ट बघितल्याशिवाय मी काहीच खरं मानत नाही. भूत, करणी, अंगात येणं... असल्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जायचे. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर भर दुपारी घडलंय.

माझे वडील — आम्ही त्यांना दादा म्हणतो — बोईसरजवळच्या माहीम गावात राहतात. पानवेलीची वाडी आहे. आम्हा बहिणींवर जन्मात कधी हात उगारला नाही असा माणूस. गेल्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला आणि उजवा हात पार गेला. खांद्यापासून नुसता लोंबायचा. औषधं, फिजिओ, सगळं झालं. मग कुणीतरी बोईसर स्टेशनजवळच्या एका अॅक्युपंक्चरवाल्या मॅडमचं नाव सुचवलं.

मॅडम फार शांत. सुया इतक्या बारीक की टोचल्याचं कळायचंही नाही. काही आठवडे गेले, पण फरक शून्य.

त्या दुपारी दादांना घेऊन मी गेले होते. लाईट नव्हती, म्हणजे सुयांना करंट द्यायचं मशीनही बंद. मॅडमनी नुसत्याच सुया लावल्या. खांदा, कोपर, मनगट. शेवटची अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधल्या मांसात.

"काही जाणवतंय का, दादा?"

"नाय ओ मॅडम. लाकूड हाय ते."

आणि त्या लाकडाने मॅडमचा गळा धरला.

मला वाटलं, झटका आला असेल. पण मॅडम मागे सरकल्या तसा हात त्यांच्या मागे गेला. दादा टेबलावरून अर्धे खाली ओढले गेले. हाताने मॅडमना भिंतीवर आपटलं. परत आपटलं. सुया वाकल्या, आणि अंगठ्याजवळची सुई आरपार निघून मॅडमच्या मानेत घुसली. रक्त दादांच्या कोपरापर्यंत ओघळलं.

"दादा, सोडा!" मी ओरडले.

"मी नाय गो करत! माझा नाय हा हात!" दादा लहान मुलासारखे रडत होते. डाव्या हाताने स्वतःचीच बोटं उचकटत होते.

मी त्या हाताला लोंबकळले, नखं मारली, शेवटी मनगटाला कडकडून चावले. तोंडात रक्त आलं. हात ढिम्म. मॅडमचे पाय झाडणं कमी कमी होत चाललं होतं.

"तोड गो त्याला! तोड!" दादा ओरडले.

कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल उचललं आणि माझ्या बापाच्या मनगटावर घातलं. पुन्हा घातलं. हाड मोडल्याचा आवाज आला... दादांना कळलंसुद्धा नाही. मोडल्या मनगटाचीही पकड तशीच! मग मी दिसेल ती सुई उपटत सुटले. मानेत घुसलेली शेवटची ओढून काढली आणि हात धपकन खाली पडला.

मॅडम वाचल्या. पोलिसांत गेल्या नाहीत, पण आम्हाला पुन्हा दारात उभं केलं नाही.

मेंदूचे डॉक्टर म्हणाले, स्नायू आखडला असेल. मी विचारलं, आखडलेला हात माणसाच्या मागे जातो का? त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितलीच नाही. मॅडमच्या गळ्यावर पाच बोटांचे वळ होते. दादांच्या उजव्या हाताला करंगळी नाही. लहानपणीच विहिरीच्या रहाटात गेली.

तो हात त्यानंतर कधी हललेला नाही. तरी दादा झोपण्याआधी माझ्या आयकडून तो नायलॉनच्या दोरीने खाटेला बांधून घेतात. 

परवा माहीमला गेले होते. जेवण झाल्यावर दादा आडवे झाले. आयने गाठ मारली.

"घट्ट हाय ना गो?" त्यांनी विचारलं.

आय उठली. आतून आणखी एक दोरी घेऊन आली.