धाकटीनं सरकारला एलियनबद्दल विचारलं

मंडळी, खरं सांगते, आज मला सख्ख्या बहिणीचा हेवा वाटला.

मी भिवंडीत कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. धाकटी वैशाली दापोड्याच्या गोदामात माल स्कॅन करते. तिनं मला न सांगता माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला होता : परग्रहावरच्या जीवांबद्दल सरकारकडे काही नोंदी आहेत का?

आज दुपारी उत्तर आलं. ‘माहिती उपलब्ध नाही.’ एवढंच.

तरी बाबा ते पत्र शेजारी दाखवून आले. मला म्हणाले, “कायदा शिकतेस तू, आन् सरकारला इचारलं हिनं!”

मला झोंबलं. मी सुनावलं, “देशाच्या सुरक्षेची माहिती सरकारला कायद्यानं राखून ठेवता येते.”

वैशाली शांतपणे म्हणाली, “ठेवू दे ना. पण राखून ठेवलीय, एवढं तरी सांगायला नको? ‘नाही’ म्हणजे खरंच नाही, की आहे पण देत नाहीत? हेच कळलं नाही, तर आपण दाद कशाविरुद्ध मागायची?”

तीन वर्षं पुस्तकं वाचून मला हा प्रश्न सुचला नव्हता.

“ताई, अपील लिहून देशील?”

“वेळ नाही,” म्हणून मी उठले. दहा मिनिटांनी परत येऊन लिहायला बसले. चांगलं लिहिलंय. खाली सही तिची झाली, तेव्हाही मी जळतच होते.

लोकशाहीत सरकारनं गुपित ठेवावं, पण गुपित आहे हेही लपवावं का? तुम्हाला काय वाटतं?

वैशालीला टॅग करत नाहीये. आज तिचं कौतुक पुरे झालं.