कातरलेला कान

आत्याच्या मेंढ्यांच्या डाव्या कानाला दोन खाचा असतात, एक टोकाला आणि एक आतल्या कडेला. कोकरू जरा धरण्याजोगं झालं की आत्या लोकर कातरायच्या कात्रीनं त्या खाचा पाडते, वर हळद आणि गोडंतेल लावते, आणि मग ते कोकरू आपलं होतं. माळावर दोन कळप एकमेकांत मिसळले तरी भांडण होत नाही. कान बघायचा आणि आपलं जनावर ओढून घ्यायचं. उमापूरच्या आसपासचे सगळे मेंढपाळ एकमेकांचे कान ओळखतात.

हरणाच्या पाडसालाही आत्यानं तशाच खाचा पाडल्या होत्या.

ते पाडस तिला कपाशीच्या रानात सापडलं. त्याच्या आईला कुत्र्यांनी फाडलं होतं. मी तेव्हा बीडला शाळेत होते आणि दर सुट्टीत आत्याकडं यायचे. आमच्या शाळेत आवारात मराठी बोलायला मनाई होती आणि इंग्रजी बोलायचं मला धाडस नव्हतं, त्यामुळं मी फारसं काहीच बोलत नसे. ती सवय सुट्टीतही माझ्याबरोबर यायची. पाडसाला बाटलीनं शेळीचं दूध पाजायचं काम मला मिळालं, कारण त्यात बोलावं लागत नव्हतं. ते इतक्या जोरात ओढायचं की बाटलीचं रबरी बोंड दोन्ही हातांनी धरावं लागे.

आत्याच्या नवऱ्याला मी मामा म्हणते. आत्यानं कात्री काढली तेव्हा मामा बाजेवर बसून तंबाखू मळत होते.

"जंगली जनावराला खूण करतीस व्हय? उद्या साहेब लोकांनी बघितलं मंजी?"

"साहेब लोक माळावर कशाला येत्याल? येत्यात ती गावातलीच माणसं. पकडून कापून खात्याल. आपली खूण बघून सोडत्याल तरी."

"सोडत्याल की! वर तुझ्यासाठी रस्सा धाडत्याल."

आत्या हसली आणि तिनं कान कातरला. पाडस ओरडलं नाही, नुसतं थरथरलं. त्या रात्रीपासून ते वाघरीत झोपू लागलं. वाघर म्हणजे मेंढ्या कोंडायला काठ्यांना बांधून उभं करतात ते जाळं. कोकरांच्या मधोमध ते पाय मुडपून बसायचं आणि अंधारात फक्त त्याचे कान हलायचे.

आत्याचं म्हणणं खरं निघालं. खूण बघून कुणी त्याला हात लावला नाही. ते मोठं झालं, आपणहून माळावर राहायला गेलं. आत्या मेंढ्या घेऊन निघाली आणि तिनं जर्मनच्या भगुन्यावर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर, बांगड्या वाजवल्या, की कुठूनतरी उड्या मारत यायचं आणि भगुन्यातला ज्वारीचा भरडा खायचं. मग त्याचा तपकिरी रंग काळा होत गेला. शिंगांना पीळ पडले. मी कॉलेजला गेले, येणं कमी झालं. फोनवर आत्या माझी खुशाली विचारून झाली की त्याची सांगायची.

रानातलं काळवीट माणूस दिसला की पळतं. हे पळत नव्हतं. माणसांच्या हातावर वाढलेल्या नराला माणसाची भीती नसते. वयात आला की तो माणसाला आपल्यातलाच एक समजतो, म्हणजे आपल्या माळावर घुसलेला दुसरा नर. आधी त्यानं एका सायकलवाल्याला पाडलं. त्यावर गाव हसलं. मग एका शेळीचं पोट फाडलं. आत्यानं शेळीच्या मालकाला आपली शेळी दिली, आणि कुणी हसलं नाही.

दिवाळीनंतर गाव अर्धं रिकामं झालं. ऊसतोडीला टोळ्या गेल्या, मागं राहिली म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं. त्याच दिवसांत मी आत्याकडं गेले होते. मी पोहोचले तेव्हा शेजारची म्हातारी अंगणात एक पाय लांब करून बसली होती. मांडीला पट्टी होती. तिच्यापुढं चहाची कपबशी निवत होती आणि आत्या तिच्या पायाशी बसून मान खाली घालून गहू निवडत होती.

"दवाखान्यात म्या सांगितलं, बाभळीच्या खुंटावर पडले," म्हातारी म्हणाली. "डाक्टर म्हणतो, खुंट लई टोकदार हुता, आजी. म्हणलं, हुता बाबा."

आत्यानं गव्हातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"माजं वय झालंय, पोरी. एक पाय गेला तरी दुसरा कशाला ठिवायचा हाय? पण शाळेची पोरं त्याच वाटंनं जात्यात. पोराला लागलं तर मी खुंट म्हणणार न्हाई."

ती काठी टेकत उठली. जाताना माझ्याकडं बघून म्हणाली, "लई वाळलीस. इंग्रजीत भाकरी न्हाई का?"

म्हातारी गेल्यावर मी घाबरत घाबरत सुचवलं, की सरकारी माणसांना कळवलं तर ते त्याला धरून दूर जंगलात सोडतील. मामांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"सोडत्याल. अन कानाचं काय सांगू? ह्यो कान कुणाचा म्हणून विचारलं तर समदं गाव आमच्याकडं बोट दाखवंल. पाळलं म्हणून आत, अन म्हातारीला फाडलं म्हणून आनखी आत. मेंढ्या कोण बघंल मग? तुजी आत्या एकली?"

विष घातलं तर कुत्री आणि मेंढ्याही मरतील. फास लावला तर त्यात शाळेचं पोरही अडकेल. कोयता घेऊन मामा एकदा गेले होते. त्यांना बघून ते लांबूनच शिंगं रोखून आलं आणि मामांना बाभळीवर चढावं लागलं. हे सांगतानाही ते हसले नाहीत. मग आढ्याला लटकवलेला तिरकामठा त्यांनी खाली काढला.

तो मामांच्या वडिलांचा. कळपावर लांडगे यायचे त्या काळातला. वेळूचा कामठा धुरानं काळाभोर झाला होता, पण वाकवल्यावर मोडला नाही. तातीची जुनी दोरी मात्र हातात धरताच तुटली. मामांनी शेळीच्या आतड्याची नवी तात पिळून वाळवली. तीन बाणांची पाती दगडावर घासली. भुशाचं पोतं गोठ्याच्या भिंतीला टेकवून ते सराव करायचे. सुरुवातीला बाण पोत्याला लागून खाली पडायचे. हळूहळू रुतायला लागले. आत्या त्या आवाजाकडं पाठ करून भाकरी थापायची.

अडचण एकच होती. बाण चालायला जनावर जवळ हवं, आणि ते न लढता जवळ यायचं फक्त आत्याजवळ.

मामांनी ते तोंडानं म्हटलं नाही. आत्यानंही विचारलं नाही. एका सकाळी वाटेवरून मुलांच्या किंकाळ्या ऐकू आल्या. त्यानं दोघा मुलांना ओढ्यापर्यंत पळवलं होतं. लागलं कुणालाच नाही. एकाची चप्पल तेवढी माळावर पडली होती. आत्यानं जाऊन ती चप्पल आणली, मुलाला नेऊन दिली आणि परत येऊन जर्मनचं भगुनं राखेनं घासायला घेतलं. खूप वेळ घासत होती.

"आवं," ती मामांना म्हणाली, "आज ऊन कलल्यावर."

आम्ही रोजच्यासारख्या मेंढ्या सोडल्या. आत्या पुढं, मी एका बाजूनं हाकत होते, आणि कळपाच्या मधोमध मामा घोंगडी पांघरून, वाकून, मेंढ्यांच्या चालीनं चालत होते. तिरकामठा घोंगडीखाली होता. काही बिनसलं तर मी मेंढ्या घराकडं वळवायच्या, एवढंच मला सांगितलं होतं. माळावर गवत वाळलं होतं. दूर कुठंतरी ट्रॅक्टर चालला होता, तोही थांबला.

आत्यानं भगुन्यावर बांगड्या वाजवल्या.

ते लगेच आलं. आधी उड्या मारत, मग चालत. नाक वर, शिंगं पाठीला टेकलेली, डोळ्यांखालच्या गंधाच्या फटी उघडलेल्या. मला पाहून ते थबकलं. आत्यानं पुन्हा बांगड्या वाजवल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ये. ये माय. ये." तिचा आवाज जराही हलला नाही. ते पुढं आलं आणि त्यानं भगुन्यात तोंड घातलं. भरडा खाताना त्याचा डावा कान आत्याच्या मनगटाला लागत होता. त्यावरच्या खाचा मला लांबूनही दिसल्या.

आत्यानं एक पाऊल मागं घेतलं. भगुनं तिच्या हातातच होतं, त्यामुळं त्यानं मान लांब केली आणि त्याची कूस मोकळी झाली. मामा घोंगडीतून उभे राहिले. दोरीचा आवाज झाला, ओला कपडा झटकल्यासारखा.

बाण पुढच्या पायामागं शिरला. ते उंच उडालं. मला वाटलं, ते आता आत्यावर किंवा मामांवर जाईल. मामांनी दुसरा बाण लावलाही होता. पण ते कुणावरच गेलं नाही. मेंढ्यांमधून वाट काढत ते आमच्या घराकडं धावत सुटलं.

वाघर रिकामी उभी होती. त्याची उडी पूर्वीसारखी नव्हती. ते जाळ्यासकट आत कोसळलं. आम्ही पोहोचलो तेव्हा जिथं ते कोकरांत बसायचं तिथंच पडलं होतं, पाय मुडपायचा प्रयत्न करत. नाकातून लाल फेस येत होता. आत्या त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

"शिंगं सांभाळ," मामा म्हणाले.

"आता कशाला," आत्या म्हणाली. मग मला म्हणाली, "पाणी आण."

मी त्याच भगुन्यात पाणी आणलं. तिनं ओंजळीनं त्याच्या तोंडात सोडलं. थोडं आत गेलं, बाकीचं तिच्या लुगड्यावर सांडलं. नंतर त्याचे कान हलायचे थांबले.

मामा उकिडवे बसून होते. बाण जसा लागायला हवा तसा लागला होता, त्यापेक्षा नीट लागणं शक्य नव्हतं; पण ते त्याकडं बघत नव्हते. मग म्हणाले, "ओढ्याच्या पल्याड नेऊन टाकतो. कुत्री खात्याल. लोक म्हनत्याल, कुत्र्यांनीच मारलं."

"न्हाई. बांधाला पुरू. आपलं मेलेलं कोकरू पुरतो तसं. मीठ घालून."

"आपल्या रानात? कुणी उकरलं मंजी? माजं काय व्हतं ते व्हऊ दे, मेंढ्यांचं काय? तुजं काय?"

आत्या त्याच्या मानेवरून हात फिरवत राहिली. मामा खालच्या आवाजात म्हणाले, "अन कान काढावा लागंल."

ते कोयता आणायला उठले. आत्यानं त्यांना हातानं थांबवलं. ती घरात गेली आणि लोकर कातरायची कात्री घेऊन आली. कान तिनं डाव्या हातात धरला, खाचांवरून एकदा अंगठा फिरवला आणि मुळापासून कापला. कात्री बोथट होती, दोनदा चालवावी लागली. रक्त फारसं आलं नाही. डावा कान नसलेलं ते डोकं आता कुणाचंही असू शकलं असतं. आत्यानंही त्याच्याकडं पुन्हा पाहिलं नाही. कान तिनं मुठीत धरला आणि वाघरीच्या खुंटाजवळ बोटांनी माती उकरून पुरला. मामांनी बाकीचं बैलगाडीत घातलं, वर कडबा टाकला आणि ओढ्याकडं गेले.

त्या संध्याकाळी चूल पेटली नाही. मला स्वयंपाक करता आला असता, पण उठून काडेपेटी घ्यावी असं वाटेना. मामा हात धुऊन आले, पुन्हा धुतले, आणि बाजेवर बसले. तिरकामठा त्यांनी परत आढ्याला टांगला होता. दोरी उतरवून.

दिवेलागणीला काठीचा आवाज आला. शेजारची म्हातारी एक पाय ओढत अंगणात शिरली. तिच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या आणि पितळीत पिठलं. आमच्याकडं मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही. पहिला घास शेजारी आणतात.

आत्या तिच्याकडं बघतच राहिली.

"काय बघतीस?" म्हातारी खाली बसत कण्हली. "जास्तीच्या झाल्या म्हणून आणल्या. मला काय बी ठावं न्हाई. खुंटावर पडले हुते म्या."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि आत्याच्या तोंडापुढं धरला. आत्या तोंड उघडेना. म्हातारीनं हात मागं घेतला नाही. पिठलं तिच्या मनगटावरून ओघळलं, तरी तिनं तो तसाच धरून ठेवला, आत्यानं तोंड उघडेपर्यंत.