मधुभाईंची शेवटची बॅच

फोन प्रयोगशाळेतच आला. सकाळचे अकरा वाजले असतील, मी इनक्युबेटरमधून प्लेट्स काढत होते. टेलिफोनवरच्या मुलीने आत येऊन सांगितलं, "नीलाबेन, अकोटाथी फोन छे, मधुभाईना घेरथी." मधुभाईंच्या घरून फोन म्हटल्यावर मला वाटलं, लोणचं मुरलं म्हणून बोलावत असतील. पलीकडे त्यांची मुलगी होती. "मावशी, बाबा गेले." मी विचारलं, "कोणाचे बाबा?" ...आता आठवलं की अंगावर काटा येतो, पण मी खरंच असं विचारलं. दहा-बारा दिवसांपूर्वी पुलावर स्कूटर थांबवून मला हात करणारा माणूस या वाक्यात बसतच नव्हता. महिना उलटून गेला, तरी तो नीट बसत नाही.

मधुभाई म्हणजे खरं तर मधुकरराव. पणजोबा संस्थानच्या कचेरीत, वडील शाळामास्तर, घरात चोख मराठी. पण बडोद्यात औषधांच्या कारखान्यात पाऊल टाकलं की माणूस भाई होतो नाहीतर बेन. आम्ही दोघं मराठी असून वीस वर्षं एकमेकांना भाई-बेनच म्हणत राहिलो. ते सिरपच्या विभागात आणि मी सूक्ष्मजीवांच्या प्रयोगशाळेत. त्यांची खोकल्याच्या औषधाची बॅच माझी सही झाल्याशिवाय बाटलीत भरली जात नसे, आणि हा नियम माझ्यापेक्षा तेच जास्त पाळत. एकदा मी अख्खी टाकी नापास केली. साहेब लालबुंद झाले, मधुभाई मात्र माझ्या दारात येऊन एवढंच म्हणाले, "नक्की ने, बेन?" मी म्हटलं, "नक्की." "मग ओततो." आणि खरंच गेले आणि ओतलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर लीलो चेवडो, बडोद्याचा तो ओला चिवडा, आणून ठेवला, वर चिठ्ठी : 'हा तपासू नये, खावा.'

मग ते दिवस आले, कंपन्या हातोहात विकल्या जाण्याचे. नव्या मालकांना सिरपचा विभाग नको होता. मधुभाईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, म्हणजे घ्यायला लावली, आणि सगळा कारखाना अकोट्यातल्या घरच्या स्वयंपाकघरात आणला. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे सुमनवहिनींच्या, प्रत्येक बरणीवर लेबल चिकटलं : पदार्थ, बॅच नंबर, बनवल्याची तारीख. लिंबाच्या गोड लोणच्याला बॅच नंबर असलेलं घर साऱ्या बडोद्यात तेवढं एकच असेल. वहिनी वैतागत आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवतही असत.

मग मधुभाईंच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी बी-बाराची इंजेक्शनं लिहून दिली, वहिनी शेजारच्या नर्सकडून टोचायला शिकल्या, आणि सगळं ठीक चाललं होतं. पण मधुभाईंचं दुकानातल्या मालावरून मन उडालं. "कोण कुठल्या गाळ्यात भरतं, देव जाणे," म्हणायचे. एका रविवारी मी चहाला गेले तर त्यांनी फ्रीजच्या दारातून रबरी बुचाची छोटी बाटली काढली. आत लालचुटुक द्रव होता, बाहेर त्यांच्या वळणदार अक्षरातलं लेबल. बी-बाराचं इंजेक्शन घरीच केलं होतं! दाबाच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं, म्हणून मी विचारलं, "आणि ऑटोक्लेव्ह?"

"घरात कुठला ऑटोक्लेव्ह? कुकर तुमच्या वहिनींच्या डाळीला लागतो. पाणी उकळलं, गाळलं, आणि प्रिझर्व्हेटिव्ह घातलंय ने, चांगलं सढळ हाताने. लोणच्याला कोण ऑटोक्लेव्ह करतं, बेन?"

सगळे हसले. मीही हसले. बाटली खिडकीशी धरून पाहिली आणि म्हटलं, "दिसतंय तर छान." तेवढ्यात भाखरवडी आली आणि विषय संपला. मला वाटलं, निवृत्त माणसाची हौस आहे, दोन दिवस मिरवतील आणि ठेवून देतील. शिवाय रविवारच्या चहात मला मास्तरीणबाई व्हायचं नव्हतं. ही खरी गोष्ट आहे, ती लपवून काय करू?

त्यांची चूक सिरपवाल्याची होती. सिरप पोटात जातं. त्यात चार जंतू असले तरी पोट त्यांचं बघून घेतं, प्रिझर्व्हेटिव्हने फक्त चाराचे चार लाख होऊ द्यायचे नाहीत. त्या नियमावर त्यांनी जन्मभर चोख औषध बनवलं. इंजेक्शन मात्र कातडीचा दरवाजा चुकवून थेट आत जातं. तिथे आधी सगळं निर्जंतुक करावं लागतं. प्रिझर्व्हेटिव्ह त्यानंतरचा, पुन्हापुन्हा सुई खुपसताना जे चुकून आत शिरेल त्याच्यापुरता राखणदार. आधीपासून घरात बसलेल्यांना तो हाकलेलच असं नाही. काही जंतू त्याला भीक घालत नाहीत, काही कवच ओढून पडून राहतात, आणि द्रव काचेसारखा स्वच्छ दिसत राहतो. मला हे सगळं पाठ होतं. वीस वर्षं मी याच कामाचा पगार घेत होते.

पुढचं सगळं फार भराभर झालं. कमरेखाली गाठ, मग थंडी वाजून ताप. "सुई लागली असेल," म्हणत त्यांनी दोन दिवस शेकण्यात घालवले. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तात विष पसरलं होतं. चौथ्या दिवशी खेळ आटोपला. मला तर ते आजारी असल्याचंही कुणी कळवलं नव्हतं, इतकं ते सगळ्यांना साधं वाटलं होतं.

तेराव्यानंतर मी समा भागातल्या माझ्या घरून रिक्षा करून त्यांच्याकडे गेले. वहिनींनी मला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "नीला, खरं सांग. हे हात नीट धुतलेले नव्हते का? दर वेळी स्पिरिट लावायचे गं मी... पण शेवटी टोचलं मीच ना?" त्यांना रात्रंदिवस तेवढंच दिसत होतं. फ्रीजच्या दारात तीन बाटल्या उरल्या होत्या. एक अर्धी, दोन न उघडलेल्या, ज्यांच्या बुचाला सुई कधी लागलीच नव्हती. मी त्या दोन घेतल्या.

प्रयोगशाळेत बूच पुसून दोन्हींतला द्रव मी स्वतः जंतू वाढवायच्या माध्यमात सोडला, शेजारी नुसत्या माध्यमाची नळी ठेवली. नुसती नळी स्वच्छच राहिली. तिसऱ्या दिवशी बाकीच्या दोन्ही नळ्या गढूळ झाल्या होत्या, पातळ ताकासारख्या : आत जंतू वाढले होते. मी तिथेच स्टुलावर बसले आणि रडले.

संध्याकाळी जाऊन वहिनींना सांगितलं : न टोचलेल्या बाटल्यांतही जंतू निघाले, दोष द्रवाचा होता, तुमच्या हातांचा नव्हता. त्यांनी मला तीनदा तेच सांगायला लावलं. मग पदराने तोंड पुसलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतल्यासारख्या बसल्या. "लिही हे," म्हणाल्या. "पेपरात लिही. त्यांच्यासारखे हुशार अजून असतील." उठून त्यांनी मसाल्यांच्या फळीवरून एक लांब वही काढून दिली. "ही कारखान्याची दिसते. तुलाच कळेल."

वही कारखान्याची नव्हती. पण घरच्या वहीवर त्यांनी पट्टीने आखून कारखान्यातल्यासारखेच रकाने केले होते. बॅच नंबर एक. दुसरी बॅच झालीच नाही. पाणी, गाळणी, प्रिझर्व्हेटिव्ह, प्रत्येकापुढे खूण. भरल्याची तारीख त्या रविवारच्या आठवडाभर आधीची होती. म्हणजे आठवडाभर त्यांनी बाटल्यांना हातही लावला नव्हता. पहिलं इंजेक्शन माझ्या चहाच्या दुसऱ्या दिवशीचं, सोमवारचं. आणि शेवटच्या रकान्यात, सूक्ष्मजीव तपासणीच्या चौकटीत, पेन्सिलीने लिहिलेलं : 'नीलाबेन – तोंडी पास. सही घेणे.'

ते माझ्यासाठी थांबले होते... मी एक शब्द बोलले असते, तर "मग ओततो" म्हणाले असते आणि मोरीत ओतून मोकळे झाले असते.

"काय लिहिलंय?" वहिनींनी विचारलं. मी वाचून दाखवलं. मग टेलिफोनजवळचं पेन आणून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. मी त्या चौकटीत 'नापास' लिहिलं, खाली सही केली आणि त्या दिवसाची तारीख घातली.