आक्काच्या व्हायोलिनचा शेवटचा सूर

त्याचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. गजर लावावा लागत नसे. एकतीस वर्षं तो कारखान्यात फिटर होता. पत्रा दाबणाऱ्या मोठ्या प्रेसमध्ये साचे बसवायचे, काढायचे, घासायचे. सहाच्या पाळीला पावणेसहाला हजर. पाच मिनिटं उशिरा येणाऱ्याला तो म्हणायचा, "या जावईबापू, बसा. चहा सांगू?" कारखान्यात आणि गल्लीत त्याला सगळे फिटरच म्हणत.

रविवारीही तो सव्वाचारलाच उठायचा, पण कामाला लागायचा तो मागच्या खोलीत. तिथे तो गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करायचा. कोपऱ्यावरचा शिंपी गायचा, बेकरीवाला बासरी वाजवायचा. सामान बेताचं: एक फोन, एक माइक, एक दिवा. फोनचा स्टँड भंगारातल्या पाइपचा, स्वतः जोडलेला, तळाला तुटक्या साच्याचा तुकडा. बैलाने धडक दिली तरी हलणार नाही असा. खिडकीवर रजई टांगायची, पंखा बंद, फ्रिजची पिन काढलेली, भिंतीवरचं घड्याळ स्वयंपाकघरात.

"घड्याळ बाहेर, मी बाहेर," बायको म्हणायची. "आता श्वासही बाहेर ठेवून येऊ का?"

"जमलं तर बघ."

मधे तोडायचं नाही, मागून जोडायचं नाही. चुकलं तर पहिल्यापासून. फोनच्या पडद्यावर आवाजाची हिरवी पट्टी हलते, ती लाल झाली नाही की झालं.

थोरली बहीण आक्का चाळीस वर्षं घरी मुलांना व्हायोलिन शिकवत होती. तिने स्वतः बांधलेली एक धून होती, अकरा मिनिटांची. कुठे लिहिलेली नव्हती, ती तिच्या बोटांत होती. आणि आता बोटांचे सांधे सुजत चालले होते. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, वाजवायचं ते या वर्षात वाजवून घ्या. आक्काने भावाला तेवढंच सांगितलं, "एकदा नीट धरून ठेव रे. मग बोटं गेली तर गेली."

ती आली, वाजवून गेली. फिटर खुशीत होता. त्या धुनेचा शेवट त्याला फार आवडायचा. आक्का शेवटी गज नुसताच तारेवरून फिरवायची, आवाज काही नाही. निःशब्द. असा शेवट करायला छाती लागते, असं तो शिंप्याला कौतुकाने सांगायचा. शिंपी मान डोलवायचा. फिटरशी वाद कोण घालणार?

संध्याकाळी मुलीने कानात इअरफोन घातले आणि लगेच काढले.

"बाबा, ही शिट्टी कसली?"

"कसली शिट्टी?"

"पहिल्यापासून वाजतेय. डासासारखी."

त्याने ऐकलं. काही नाही. बायकोने ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "अगबाई, कान किटले माझे."

दिव्याच्या अडॅप्टरचा आवाज होता. माइक अगदी त्या अडॅप्टरच्या वरच. नवा दिवा आल्यापासूनच्या सगळ्या चित्रीकरणांत तो होता. बेकरीवाल्याने एकदा दबकत म्हटलंही होतं, तेव्हा फिटरने त्याला सुनावलं होतं, "पाव भाज तू."

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. कारखान्यात कानात घालायचे बोळे मिळत. ते घालणारा नवशिका, असं तो आणि त्याच्या बरोबरीचे फिटर मानत. साच्याला तडा गेला तर आधी आवाज बदलतो, तो उघड्या कानाने टिपायचा, ही त्यांची शान. त्याने आयुष्यात अकरा तडे वेळेवर पकडले होते. कान त्यातच खर्ची पडले होते, आणि त्याला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तो आक्काकडे गेला. उभ्यानेच सांगून टाकलं.

"माझ्या हलगर्जीपणामुळे तुझे कष्ट वाया गेले, आक्का."

"बस आधी," ती म्हणाली. "मला तो आवाज येत होता. म्हटलं, तुझ्या सामानाचा असेल, तुला ठाऊक असेल. तू एवढा काटेकोर, तुला काय विचारायचं?"

तिने व्हायोलिन उचललं. "खालून वर जाते. ऐकू येईनासं झालं की हात वर कर."

सूर चढत गेले. बारीक झाले, मग संपले. त्याने हात वर केला. आक्काचा गज चालतच होता. ती थांबली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"अरे, माझ्या धुनेचा शेवट याच्याही वर आहे."

"शेवटी तू नुसता गज फिरवतेस ना?"

"नुसता कशाला फिरवीन? बोट टेकवून अगदी हलका सूर काढते तिथे. बारा सेकंद. सगळी धून त्याच्यासाठी तर बांधली."

तो म्हणाला, "मला न ऐकताच आवडत होता."

"वेडा आहेस," आक्का म्हणाली आणि सुजल्या बोटांनी त्याच्या डोक्यावर एक टप्पल मारली.

पुन्हा धरायचं ठरलं. तोवर तिने सराव बंद ठेवला, बोटं राखून ठेवली. दीड महिन्याने, रविवारी सकाळी, ती मागच्या खोलीत येऊन बसली. फिटरने दिवा लावला आणि दचकला. शिट्टी! त्याने अडॅप्टर उपटला, खिडकीवरची रजई काढली आणि उजेडातच फोन लावला. बाहेर चिमण्या होत्या.

"त्या येतील की आवाजात," आक्का म्हणाली.

"येऊ देत."

मधला भाग तिने पूर्वीपेक्षा संथ वाजवला. एका ठिकाणी बोट अडलं, ती पुढे गेली, त्यानेही थांबवलं नाही. शेवट आला. फिटर पडद्यावरची पट्टी बघायचं विसरला.

दोन वर्षं जादा पाळ्या करून त्याने फोनऐवजी खऱ्या कॅमेऱ्यासाठी पैसे साठवले होते. कॅमेरा काही आला नाही. त्या दीड महिन्यातच त्या पैशांत कानामागे बसणारी दोन यंत्रं आली, आणि बहिणीच्या धुनेचे ते बारा सेकंद.