बाबांची सकाळची ओळ

आई गेल्यावर बाबांशी फोनवर बोलायचं म्हणजे शिक्षाच झाली. ते यवतमाळकडच्या गावात एकटे, मी वाघोलीत नवव्या मजल्यावर एकटी, कामही घरूनच. "जेवलात का?" "हो." "बरं." पुढे काय बोलायचं, कपाळ? बोलणारी आईच होती. आम्ही दोघं नुसते ऐकणारे.

म्हणून मी शहाणपणा केला. सर्व्हरचा कोड लिहून पोट भरते, तर बाबांसाठीही जावास्क्रिप्टमध्ये एक चिमुकला सर्व्हर लिहिला. त्यांच्या मोबाइलवर एकच बटण. चहा झाला की त्यांनी ते दाबायचं, आणि माझ्या स्क्रीनवर ओळ उमटायची: ०७:१२, बाबा, ठीक. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. फोन टळला. असे सातआठ महिने गेले. ती ओळ दिसल्याशिवाय मी दुसरं काही उघडत नसे.

एका रविवारी उगाच हात शिवशिवले. सर्व्हरच्या अशा ओळी लिहायला ऑफिसात आम्ही एक हलकीशी लायब्ररी, म्हणजे आयता कोड, वापरतो, तीच इथे बसवली, तिथल्या सेटिंगसकट. सोमवारी साडेसात वाजले, ओळ नाही. आठ वाजले, तरी नाही. फोन लावला, उचलेनात. पुन्हा लावला. कुणाशी तरी बोलावं म्हणून शेजारच्या फ्लॅटच्या बेलपर्यंत गेले आणि थांबले. दोन वर्षं झाली, तिथे कोण राहतं हेही मला माहीत नव्हतं. काय सांगणार होते, डोंबल! परत आले, दार लावलं आणि फरशीवर बसून ढसाढसा रडले.

पावणेनऊला त्यांचाच फोन आला. ते गोठ्यात होते, मोबाइल घरात चार्जिंगला.

"बाबा, बटण का नाही दाबलं?"

"दाबलं ना वं, सात वाजताच. काहून? रडून राहिली का तू?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. ती लायब्ररी आलेली ओळ लगेच लिहीत नाही. वेळ वाचावा म्हणून ओळी साठवते आणि पुरेशा जमल्या की एकदम लिहून काढते. ऑफिसात क्षणात शेकडो ओळी येतात, तिथे ते जाणवतही नाही. इथे दिवसाला एक! जमायला महिना लागला असता. मी हे सगळं बाबांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे मी दाबलं की तुले समजते," ते म्हणाले.

"हो."

"अन् तू बरी आहेस, हे मले कसं समजन?"

इतक्या महिन्यांत हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"नाही, तसं काही नाही," ते म्हणाले. "बटन दाबलं की मी बसतो थोडा वेळ मोबाइल धरून. वाटते, तिकडून काही येईन."