मान मोकळी करा

दत्तमहाराजांशी माझं भांडण चालू होतं, हे आधीच सांगून टाकते. अनुभव लिहिणाऱ्या बायका बहुतेक गोड स्वभावाच्या असतात. मी नाही. छत्तीस वर्षं मराठी शाळेत शुद्धलेखन शिकवलंय, त्यामुळे चूक दिसली की हात आपोआप लाल पेनाकडे जातो, मग ती वहीत असो, लग्नपत्रिकेत असो की देवाच्या कारभारात. आणि देवाच्या कारभारात मला ढीगभर चुका दिसत होत्या. आमचे हे अचानक गेले. तेरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती, चौदाव्या दिवशी फोनसुद्धा वाजला नाही. पुढे वर्षभर मी चारकोपच्या घरात टीव्हीशी बोलत बसले, तेही बातम्या वाचणाऱ्या मुलीच्या चुका काढत.

मला तिथून उठवलं समोरच्या बिल्डिंगमधल्या सुमन कांबळेने. दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. ती बौद्ध. माझा दत्त तिला पटत नाही आणि डोळे मिटून तासभर गप्प बसणं मला जमत नाही, त्यामुळे आमचं छान जमतं. ती म्हणाली, "तुझ्यासारख्या किती जणी असतील गं या सेक्टरमध्ये! एक जागा बघू, माणसांना बोलवू. कुठल्याही जातीचा, भाषेचा असो, यावं, बसावं, मनातलं बोलावं." आमच्याच बिल्डिंगमधल्या शहाकाकांनी त्यांचा तळमजल्यावरचा रिकामा गाळा वापरायला दिला. अट एकच. दत्तजयंतीपर्यंत माणसं आली नाहीत, तर तिथे त्यांचा भाचा फरसाणाचं दुकान टाकणार.

आम्ही पुठ्ठ्यावर 'मन मोकळं करा' असं लिहून दारात लावलं, आठ खुर्च्या मांडल्या आणि वाट बघत बसलो. दोन महिन्यांत तीन माणसं आली. एकाला आधार कार्डावरचा पत्ता बदलायचा होता. एका बाईंना बाथरूमला जायचं होतं. तिसऱ्या गृहस्थांनी आत डोकावून विचारलं, "फरसाण कधीपासून?" सुमन हसली, मी नाही. गाळा गेला की मी परत त्या टीव्हीसमोर, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्या संध्याकाळी मंदिरात जाऊन मी दत्ताला तोंडावर सांगितलं, "तीन डोकी आहेत ना तुला? मग एकाने तरी आमच्याकडे बघ!" पुजारी दचकून बाजूला झाले.

शेवटचा आठवडा उरला तेव्हा मोठा फ्लेक्स करायचा ठरलं. इंडस्ट्रियल इस्टेटजवळ महेशचं फ्लेक्सचं दुकान आहे. हा माझाच विद्यार्थी. मी सकाळी फोनवरून मजकूर पाठवला, फ्लेक्स तोच परस्पर लावून जाईल असं ठरलं, आणि गुरुवार असल्यामुळे संध्याकाळी मंदिरात गेले. परत येते तर गाळ्याबाहेर चपलांचा ढीग! आत आठच्या आठ खुर्च्या भरलेल्या, दोघं भिंतीला टेकून उभे. माझे डोळे भरून आले. पावलास रे बाबा, म्हणून हात जोडले, तेवढ्यात लक्षात आलं की प्रत्येकाची मान वाकडी आहे. कुणाची डावीकडे, कुणाची उजवीकडे, एकाच्या गळ्यात तर पट्टा. मी बाहेर येऊन वर बघितलं. फ्लेक्सवर भल्यामोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'मान मोकळी करा. मोफत.'

माझा संताप विचारू नका. महेशला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "बाई, तुमचा काना राहिला होता. मी घातला."

"माझा काना राहिला? माझा?"

"हो ना बाई. आणि मान स्त्रीलिंगी, म्हणून 'मोकळं'चं 'मोकळी' केलं. तुम्हीच शिकवलंत, विशेषण नामाप्रमाणे बदलतं."

व्याकरण अचूक होतं. फ्लेक्स उतरवायला मी स्टूल ओढलं, तर सुमनने माझा हात धरला. "वेडी आहेस का गं? माणसं आलीत! राहू दे की तो काना."

नर्स ती, तिने गरम पाण्याची पिशवी काढली, साधे व्यायाम दाखवायला सुरुवात केली, ज्याला चक्कर येत होती त्याला डॉक्टरकडे पिटाळलं. आणि मान सैल व्हायला लागली तशी माणसं बोलायला लागली. मालाडच्या कोळीवाड्यातून मासे विकायला येणारी हिराबाई म्हणाली, टोपलीने नाही गो, होडी विकली तेव्हापासून वर बघवत नाही. जौनपूरचा रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, गावाला फोन केला की मान आपोआप खाली जाते. तिकडे सगळ्यांना वाटतं मी इथे शेठ आहे." मी आयुष्यभर वाक्प्रचार शिकवले, मान खाली घालणे, मान वर न होणे, वाक्यात उपयोग करा. आज समोर वाक्यंच बसली होती.

दत्तजयंतीला शहाकाका काउंटरचं माप घ्यायला टेप घेऊन आले. गर्दी बघून दारातच थबकले. मी धीर करून विचारलं, "काका, तुमची मान बरी आहे ना?" ते म्हणाले, "हां बेन, जरा डाव्या बाजूला पकडते," आणि बसले. त्यांची मुलगी लग्नानंतर कॅनडाला गेली, तिच्या फोनची वाट बघत ते दिवसभर मोबाइलवर वाकलेले असतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तासाभराने उठले, टेप खिशात घातला आणि म्हणाले, "फरसाण दुसरीकडे पण विकेल." मी इतकी सुखावले की खुर्चीत धपकन बसले.

तेवढ्यात हिराबाईने मागून माझ्या मानेवर हात ठेवला. "बाय, तुजी मान कोन बघतं गो?"

आणि जे सुमनलाही सांगितलं नव्हतं, ते भर गाळ्यात सगळ्यांसमोर माझ्या तोंडून बाहेर पडलं. हे गेले त्या सकाळी मी पूजेत होते. यांनी फ्रिजवर चिठ्ठी लावली, 'दुध आणायला जातो.' मी उठले, चिठ्ठी वाचली आणि लाल पेनाने त्यातल्या 'दुध'चा उकार दीर्घ केला. हे परत येताना जिन्यात कोसळले. यांनी मला लिहिलेली शेवटची ओळ, आणि मी त्यावर लाल खूण केली. "दूध अशुद्ध होतं हो," मी हुंदके देत म्हणत राहिले, "त्यांचं दूध अशुद्ध होतं, आणि मी तेवढंच बघितलं."

हिराबाई कधी शाळेत गेलेली नाही. ती गोंधळली. "नासलेला व्हता?"

"नाही हो."

"पिशवी फुटली?"

"नाही. हातात घट्ट धरून ठेवली होती."

"मंग?" तिने माझे डोळे आपल्या पदराने पुसले. "जिन्यापातूर आनला ना तुज्यासाटी? मंग कसला अशुद्ध गो?"

सुमनला हसू फुटलं, मग रिक्षावाल्याला, मग मलाच. मी रडत होते आणि हसत होते, आणि पदराला बोंबलाचा वास येत होता तरी मला तो सोडवेना.

आता मालाडला आमची दुसरी खोली आहे, गोवंडीत तिसरी. गोवंडीतल्या बायकांनी आपणहून मागून घेतली आणि त्याच चालवतात. तमिळ, उर्दू, गुजराती, भोजपुरी, सगळं कानावर पडतं, निम्मं मला कळतही नाही. सुमन म्हणते, यात तुझ्या दत्ताचं काही नाही, महेशचा गाढवपणा आहे. मी वाद घालत नाही. दत्तापुढे उभी राहते तेव्हा आता काही मागत नाही, काही सुधारून देत नाही. एवढंच म्हणते, महाराज, तुमचं अक्षर मला लागत नाही, पण तुम्ही लिहीत राहा.